विश्लेषण : तळहाताएवढी ट्राम पुन्हा कशी धावते? जुन्या मॉडेल ट्रॉलींच्या दुरुस्तीत काय पणाला लागते?

ट्रॉली म्हटले की आपल्याकडे उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा विमानतळावरची सामानाची ढकलगाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र ट्रॉली म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणारी विजेची ट्राम. तिथल्या बहुतेक शहरांतून ती केव्हाच हद्दपार झाली. छोट्या मॉडेलच्या रूपात मात्र ती छंदिष्टांच्या घरी अजून धावते. यातली बरीच मॉडेल आता ४०-५० वर्षांची झाली आहेत. रंग उडालेला, मोटर अडकलेली, छतावरचा दांडा वाकलेला, अशा अवस्थेत ती जुन्या खोक्यांतून बाहेर येतात आणि हातोहात नव्या मालकाकडे जातात. अशा मॉडेलला पुन्हा चालते कसे करतात, त्यावर बारकावे कसे चढवतात आणि कोणती चूक पुन्हा सुधारता येत नाही, याचा हा आढावा.

ट्रॉली हे नाव कशावरून?

रस्त्यावर उंच ताणलेल्या तारेला खालून टेकून फिरणारे छोटे चाक म्हणजे मूळची ‘ट्रॉली’. हे चाक एका लांब दांड्याच्या टोकाला असते आणि दांड्याच्या बुडाशी असलेली स्प्रिंग त्याला वर दाबून धरते. वीज तारेतून दांड्यात, तिथून मोटरमध्ये आणि चाकांमार्फत रुळांत जाते. फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८८८ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहरात ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. त्यानंतर अमेरिकेतील शहरांनी घोड्यांच्या ट्राम झपाट्याने मोडीत काढल्या.

पुढे मोटारी वाढल्या आणि प्रवासी घटू लागले. तेव्हा ट्राम कंपन्यांनी एकत्र येऊन ‘पीसीसी’ ही नवी, गुळगुळीत आकाराची आणि वेगाने पण धक्का न देता सुटणारी गाडी तयार करवून घेतली. ती १९३६ मध्ये ब्रुकलिनमध्ये धावू लागली. उत्तर अमेरिकेत अशा सुमारे ५ हजार गाड्या बनल्या. तिथे बनलेली शेवटची गाडी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मिळाली. आजही बॉस्टनची मॅटापॅन लाइन, फिलाडेल्फियाचा पूर्वीचा १५ क्रमांकाचा मार्ग आणि सॅन फ्रान्सिस्कोची एफ लाइन इथे पीसीसी गाड्या दिसतात. मॉडेल बनवणाऱ्यांची ही सर्वांत आवडती ट्रॉली.

मॉडेल केवढे असते?

सर्वाधिक प्रचलित प्रमाण म्हणजे ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. यातील रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. खरी पीसीसी गाडी साधारण ४६ फूट लांब. एचओमध्ये ती १६ सेंटिमीटर होते, म्हणजे मोबाइल फोनएवढी. अमेरिकेतील ‘ओ’ प्रमाणात मॉडेल ४८ व्या भागाचे असते. तीच गाडी मग २९ सेंटिमीटर भरते.

छोट्या घरात ट्रॉलीचा लेआउट बसतो, त्याचे कारण तिच्या वळणात आहे. ट्राम रस्त्याच्या कोपऱ्यावर वळते, त्यामुळे तिला आगगाडीपेक्षा कितीतरी आवळ वळण चालते. खऱ्या रस्त्यावर ४० फूट त्रिज्येचे वळण असेल, तर एचओमध्ये ते १४ सेंटिमीटरचे होते. प्रवासी रेल्वेच्या लांब डब्यांना याच प्रमाणात सहसा ६० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी त्रिज्या द्यावी लागते. म्हणूनच पुस्तकांच्या फळीवर किंवा दिवाणाएवढ्या प्लायवर अख्खा ट्राममार्ग मांडता येतो.

जुनी मॉडेल बिघडतात कशी?

जुन्या मॉडेलचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला पितळी. अमेरिकी आयातदारांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे कोरियात हाताने जोडून घेतलेली ही मॉडेल. पितळेच्या पातळ पत्र्याचे भाग डाग देऊन जोडलेले असतात आणि अनेकदा ती रंग न देताच विकली जात. दुसरा प्रकार प्लास्टिकच्या गाड्यांचा आणि तिसरा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव सांगाडा असलेल्या गाड्यांचा.

तिन्हींचे आजार वेगळे. गिअरमधले जुने ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि मोटर नुसतीच गुरगुरते. मोटर आणि गिअरला जोडणारी रबरी नळी कडक होऊन चिरते. धुरीवरच्या प्लास्टिकच्या गिअरला तडा गेला, तर गाडी प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज करत उसळते. जुन्या उघड्या मोटरचे चुंबक क्षीण होते. अशी मोटर जास्त वीज खेचते, लवकर तापते आणि जोर कमी देते.

सर्वांत वाईट आजार जस्ताचा. ओतकाम करताना मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर काही वर्षांनी तो धातू आतून कणाकणाने सुटू लागतो. आधी बारीक भेगा दिसतात, मग भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. यावर उपाय नाही. तो भाग बदलावाच लागतो. म्हणून विकत घेताना रंगापेक्षा सांगाडा आधी पाहावा, असे जाणकार सांगतात.

पहिले काम पान्याचे की कॅमेऱ्याचे?

कॅमेऱ्याचे. मॉडेल उघडण्याआधी चारही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो काढले जातात. कोणता स्क्रू कुठला, वायर कोणत्या बाजूला जोडली होती, दांड्याची बैठक छतावर किती अंतरावर होती, हे सगळे टिपले जाते. दोन स्क्रू दिसायला सारखे असतात, पण लांबीत एका मिलिमीटरचा फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला, तर तो थेट मोटरला टेकतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मूळचे काय आणि नंतर कुणी लावलेले काय? ५० वर्षांत मॉडेल तीन-चार हातांतून गेलेले असू शकते. आधीच्या मालकाने स्वतः तयार केलेली पायरी किंवा हाताने लिहिलेला मार्गफलक ही ‘घाण’ समजून काढून टाकली, तर ती परत मिळत नाही. त्यामुळे आधी नोंद, मग निर्णय आणि शेवटी काम, हा क्रम पाळला जातो.

कोणते शहर, कोणते साल?

दुरुस्तीचा खरा कणा हा प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एफ लाइनवरचे उदाहरण पाहू. ही सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यासाठी फिलाडेल्फियातील जुन्या पीसीसी गाड्या आणल्या गेल्या. फिलाडेल्फियाचे रूळ ५ फूट सव्वादोन इंच रुंद, तर सॅन फ्रान्सिस्कोचे ४ फूट साडेआठ इंच. म्हणजे चाकांमधले अंतर बदलावे लागले. मग प्रत्येक गाडीला वेगवेगळ्या शहरांच्या जुन्या ट्राम सेवांचे रंग दिले गेले. १०५२ क्रमांकाच्या गाडीला मिळाला लॉस एंजेलिस रेल्वेचा पिवळा.

आता ही गाडी कुठली म्हणायची? फिलाडेल्फियाने १९४८ च्या सुमारास घेतलेली, लॉस एंजेलिसच्या रंगातली आणि सॅन फ्रान्सिस्कोत धावणारी. त्यात आणखी एक मेख आहे. लॉस एंजेलिस रेल्वेचे मूळ रूळ ३ फूट ६ इंचांचे होते. त्यामुळे पिवळ्या रंगाचे मॉडेल एचओच्या नेहमीच्या रुळांवर ठेवले, तर ते १९९५ नंतरच्या सॅन फ्रान्सिस्कोसाठी बरोबर ठरते, पण १९४० च्या दशकातील लॉस एंजेलिससाठी चूक.

मिनिआपोलिसच्या पीसीसी गाड्यांचीही गत अशीच. त्यातल्या काही १९५३ मध्ये नेवार्कला विकल्या गेल्या, तिथे २००१ पर्यंत चालल्या आणि त्यानंतर त्यांतल्या काही सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. साल बदलले की रंग, क्रमांक, दिवे, फलक आणि जाहिरातीही बदलतात. एखाद्या मॉडेलवर १९५० चा रंग आणि १९७० ची जाहिरात असेल, तर ते देखणे दिसेल, पण ती गाडी कधीच अस्तित्वात नव्हती. म्हणून अनुभवी मंडळी ब्रश हातात घेण्याआधी त्या गाडीचा एक दिनांकित फोटो शोधतात आणि काम पूर्ण होईपर्यंत तो समोर ठेवतात.

जुना रंग काढायचा की ठेवायचा?

इथे सर्वाधिक मॉडेल खराब होतात. कारखान्यातला मूळ रंग बरा असेल, तर तो सहसा काढू नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यानेच बरेच काम होते. मूळ रंग किंवा न रंगवलेल्या पितळेवरचा जुना लाखेचा थर एकदा गेला की गेला. संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही तिथेच घसरते.

आधीच्या मालकाने जाड ब्रशने फासलेला रंग मात्र काढावा लागतो. प्लास्टिकवर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थेंब लावून पाहतात, मग काही तास भिजवून जुन्या टूथब्रशने रंग सोडवतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन किंवा हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर प्लास्टिकवर चुकूनही लावू नये. त्याने प्लास्टिकच विरघळते. पितळ थिनर सोसते, पण डाग न देता गोंदाने चिकटवलेले भाग त्यात निखळून पडतात. आणखी एक धोका आरोग्याचा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. त्यामुळे कोरड्या पॉलिश पेपरने घासून धूळ उडवायची नाही. ओले घासायचे, मास्क लावायचा आणि लहान मुलांना लांब ठेवायचे.

नव्या रंगाचा नियम सोपा आहे. आधी तेलकटपणा घालवायचा, मग प्रायमर आणि मग एअरब्रशने पातळ थर. एका जाड थराने खिळ्यांची टोके आणि दारांच्या रेषा बुजतात. ८७ पट लहान केलेल्या गाडीवर रंगाचा केसाएवढा थरही खऱ्या गाडीवर मोजला, तर पाच-सात मिलिमीटर जाडीचा ठरतो.

मोटर आणि विजेचे काय?

जुनी मॉडेल १२ व्होल्ट डीसीवर चालतात. बहुतेक वेळा गिअर साफ करून नवे तेल दिले, चाकांवरचा काळा थर काढला आणि रबरी नळी बदलली की गाडी हलते. मोटर मात्र उत्सुकतेपोटी उघडू नये. जुन्या प्रकारच्या चुंबकाला मोटरमधून नुसते बाहेर काढले, तरी त्याचा जोर कमी होतो.

आजकाल अनेक जण डीसीसी ही डिजिटल पद्धत बसवतात. यात रुळांवर सतत वीज असते आणि गाडीतल्या चिपला आज्ञा मिळते, त्यामुळे एकाच रुळावर दोन ट्राम वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. मात्र जुन्या पितळी गाडीत मोटरचे एक टोक थेट सांगाड्याला जोडलेले असते. तसेच ठेवून चिप बसवली, तर ती पहिल्याच क्षणी जळते. म्हणून मोटर आधी सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करायची आणि मल्टिमीटरने खात्री करायची. गाडी क्षणभर रोखून धरली असता मोटर किती विद्युतप्रवाह खेचते हे मोजायचे, आणि त्याहून अधिक क्षमतेचीच चिप घ्यायची.

दिव्यांचे गणित शाळेतले आहे. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर ९ व्होल्ट उरतात. १ हजार ओहमचा रोधक लावला की ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हेडलाइटसाठी तो पुरेसा आहे. जुन्या ट्रामचा दिवा मंद पिवळसर असे, त्यामुळे निळसर पांढरा एलईडी लावला की १९४० ची गाडी आजच्या मोटारीसारखी दिसू लागते. तिथे ऊबदार पांढरा एलईडी हवा.

डिटेलिंग म्हणजे नेमके काय करतात?

सुरुवात छतावरच्या दांड्यापासून होते, कारण मॉडेल प्रेक्षकाला वरून दिसते. एकाच दिशेने धावणाऱ्या गाडीला मागच्या बाजूला एक दांडा पुरतो. दोन्ही दिशांनी धावणाऱ्या गाडीला बहुधा दोन असतात आणि धावताना मागचाच वर असतो. पुढचा दांडा वर ठेवलेले मॉडेल ट्राम पाहिलेल्या माणसाला लगेच खटकते. दांड्याच्या टोकापासून गाडीच्या मागच्या भिंतीवरील गोल डबीपर्यंत एक दोरी येते. दांडा तारेवरून निसटला तर ही डबी त्याला खाली ओढून धरते. मॉडेलवर ती दोरी काळ्या दोऱ्याची असते आणि बहुतेक जुन्या मॉडेलवर ती गायब असते.

मग पायऱ्या, आरसे, पुढचे जाळीदार संरक्षक, चालकाची बाहुली आणि खिडक्यांच्या काचा. काचांना सुपरग्लू लावायचा नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर कायमचा पांढरा धुरकटपणा येतो. सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद इथे योग्य.

क्रमांक आणि फलक पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ पट्ट्यांवर येतात. त्या खडबडीत रंगावर लावल्या, तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग पट्टी आणि शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निश.

शेवटचा हात धूळ-मातीचा. इथे संयम लागतो. ट्राम रोज डेपोत जाई आणि धुतली जाई. त्यामुळे खिडक्यांखालचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ असतो. काजळी छतावर, दांड्याच्या बैठकीभोवती जमते आणि ब्रेकची तांबूस धूळ बोग्यांवर. सगळीकडे सारखाच गंज लावला, तर गाडी भंगारातली वाटते.

वरची तार खरी की शोभेची?

दोन्ही प्रकार चालतात. काही जण खऱ्यासारखी तारेतून वीज देतात, बरेच जण वीज रुळांतूनच देतात आणि तार केवळ दिसण्यासाठी ठेवतात. खऱ्या रस्त्यावर तार १८ फुटांवर असेल, तर एचओमध्ये ती ६३ मिलिमीटरवर येते. वळणावर तार गोलाकार वाकवलेली नसते. छोट्या-छोट्या सरळ तुकड्यांनी, आडव्या तारांनी ओढून ती वळवलेली असते.

शोभेच्या तारेतही एक सापळा आहे. पितळी गाडीची कुडी एका रुळाशी जोडलेली असते. दोन गाड्या उलटसुलट तोंडाने ठेवल्या आणि दोघींचे दांडे एकाच तारेला टेकले, तर तारेतूनच शॉर्टसर्किट होते. म्हणून दांड्याच्या बैठकीखाली फायबरची चकती आणि प्लास्टिकचा स्क्रू लावतात. या चार आण्यांच्या चकतीवर महागड्या चिपचे आयुष्य अवलंबून असते.

महाराष्ट्राला यातून काय घेण्यासारखे?

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी आणि विजेची ७ मे १९०७ रोजी सुरू झाली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली. ट्राममधून रोज प्रवास केलेली पिढी आता सत्तरीपलीकडे आहे. ‘बेस्ट’च्या आणिक आगारातील संग्रहालयात त्या काळाच्या खुणा आणि ट्रामच्या प्रतिकृती आहेत. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात एचओ प्रमाणातले चालते शहर पाहता येते. आपल्याकडे छोट्या रुळांची आवड कुणाला लावायला नको, हे तिथे येणारी मुले पाहिली की कळते.

मात्र ‘कोणते शहर, कोणते साल’ हा प्रश्न इथेही चुकत नाही. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत मांडलेला ट्रामचा डबा मुंबईचा नाही, तो कोलकात्याहून आणलेला आहे. मुंबईची आठवण जागवायला तो उपयोगी आहे. पण कुणी त्याची मापे घेऊन ‘मुंबईची ट्राम’ म्हणून मॉडेल केले, तर चूक पुढच्या पिढीकडे जाईल. मुंबईच्या ट्रामचे मॉडेल करायचे असेल, तर मुंबईचेच जुने फोटो, आराखडे आणि आठवणी गोळा कराव्या लागतील. घरातल्या अल्बममध्ये आजोबांच्या मागे उभी असलेली दुमजली ट्राम या कामी कुठल्याही प्रदर्शनातल्या डब्यापेक्षा जास्त उपयोगाची ठरू शकते. फोटोच्या मागे साल आणि ठिकाण लिहिलेले असेल तर आणखीच.

हीच सवय अमेरिकेतले जुने छंदिष्ट मॉडेललाही लावतात. दुरुस्ती संपली की गाडीच्या तळाशी किंवा खोक्यात एक चिठ्ठी ठेवली जाते. मोटर बदलल्याचे साल, वापरलेला रंग, कोणता भाग मूळचा, कोणता नवा आणि कोणत्या फोटोवरून काम केले, एवढेच त्यात असते. काढलेली जुनी मोटरही पिशवीत घालून त्याच खोक्यात राहते. आणखी ४० वर्षांनी ते खोके उघडणाऱ्याला नेमके तेच लागणार असते.